डोळे फिरवून नंबर उतरतो का?

नागपूरला सेमिनरी हिल्सच्या जपानी गार्डनमध्ये आमचं सात-आठ जणांचं सकाळचं टोळकं आहे. चार चकरा झाल्या की बाकावर बसायचं आणि मग डोळ्यांचे व्यायाम. वर बघा, खाली बघा, डावीकडे, उजवीकडे, बुबुळं गोल फिरवा, तळहात घासून डोळ्यांवर ठेवा. हे सगळं करवून घेतात आमच्यातलेच एक काका, वय ६८. गेल्या दिवाळीनंतर एके सकाळी त्यांनी पेपरची घडी उलगडली आणि चष्मा न लावता बारीक अक्षरातली टेंडरची जाहिरात खडाखडा वाचून दाखवली. वीस-बावीस वर्षं नाकावर बसलेली चाळिशी सुटली होती.

"पाहून राहिले ना जी? रोज दहा मिनिटं. बस्स!"

त्या दिवसापासून टोळक्यातला एकही माणूस व्यायाम चुकवेना. एक जण तर चौथीतल्या नातीलाही घेऊन येऊ लागले. तिला नुकताच मायनस दीडचा चष्मा लागला होता आणि आईनं तो कपाटात ठेवून दिला होता. व्यायामानं नंबर उतरणार असेल तर एवढ्याशा पोरीच्या नाकावर ओझं कशाला?

मी तीसेक वर्षं ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवलं, भिंगांचा धडा तोंडपाठ आहे. तरी काकांचं वाचन ऐकून मीही चक्रावलो, कारण ते थापा मारत नव्हते. त्यांना खरंच दिसत होतं. का दिसत होतं ते पुढे सांगतो. त्याआधी नंबर म्हणजे नेमकं काय ते पाहायला हवं, कारण सगळा घोळ तिथूनच सुरू होतो.

नंबर असतो कुठे?

बहुतेकांना वाटतं की नंबर म्हणजे नजरेचा अशक्तपणा. हात-पाय अशक्त होतात तसे डोळे अशक्त झाले, मग व्यायाम केला की बळ येईल. ऐकायला पटतं. पण नंबर हा ताकदीचा मामला नाहीच, तो मापाचा मामला आहे.

गणपतीत चौकात पांढरा पडदा बांधून सिनेमा दाखवायचे ते आठवा. मशीन एका जागी ठेवलं की चित्र ठरावीक अंतरावरच रेखीव पडायचं. पोट्ट्यांनी दंगा करून पडदा हातभर मागे ढकलला की हिरोचं तोंड फिसकटलं. डोळ्यातही तेच आहे. समोरचा पारदर्शक घुमट, ज्याला डॉक्टर कॉर्निया म्हणतात, आणि त्यामागचं भिंग, हे दोघे मिळून प्रकाश वाकवतात. दोघांची मिळून ताकद साधारण ६० डायॉप्टर (भिंगाची ताकद मोजायचं एकक, आपला चष्म्याचा नंबरही यातच असतो), आणि त्यातला दोन-तृतीयांशाहून जास्त वाटा एकट्या कॉर्नियाचा. पडदा म्हणजे रेटिना. मोठ्या माणसाच्या डोळ्याची लांबी समोरून मागेपर्यंत जेमतेम २४ मिलिमीटर असते, जन्मलेल्या बाळाची १७ च्या आसपास. म्हणजे डोळा वाढत वाढत त्या मापाला पोचतो. पोचून थांबला तर उत्तम. थांबायचं विसरला आणि लांबतच गेला, तर पडदा मागे सरकला, चित्र त्याच्या अलीकडेच जमू लागलं आणि फळा धूसर झाला. हाच मायनस नंबर.

एक मिलिमीटर लांबी वाढली की अडीच ते तीन नंबर चढतो. त्या चौथीतल्या पोरीचा मायनस दीड म्हणजे अर्धा-पाऊण मिलिमीटरचा हिशोब, एटीएम कार्डाच्या जाडीपेक्षाही कमी. पण डोळा एकदा लांबला की परत आखूड होत नाही, जशी वाढलेली उंची परत उतरत नाही. उलट डोळा आखूड राहिला तर प्लस नंबर, आणि कॉर्निया सगळीकडे सारखा गोल नसला तर ज्याला आपण सिलिंडर म्हणतो तो नंबर. तिन्ही गोष्टी घडणीच्या आहेत.

आता बाकावरच्या व्यायामाकडे या. बुबुळं फिरवताना काम करतात ते डोळ्याबाहेरचे सहा स्नायू. ते डोळा वळवतात, एवढंच त्यांचं काम. आणि ते काम ते जागेपणी सतत करत असतात, कारण आपली नजर सेकंदाला दोन-तीन उड्या मारते. दिवसाचा हिशोब लाखाच्या पुढे जातो. इतवारीत दिवसभर पोती वाहणाऱ्या हमालाला संध्याकाळी डंबेल्स देण्यासारखं आहे हे. आणि समजा ते स्नायू आणखी दणकट झालेच, तरी पडदा पुढे कसा येणार?

चाळिशीचा वेगळा खटला

डोळ्याच्या आतही एक स्नायू आहे, भिंगाभोवती कड्यासारखा. भिंग बारीक धाग्यांनी त्याला टांगलेलं असतं. आपण जवळचं बघतो तेव्हा कडं आवळतं, धागे सैल पडतात आणि भिंग आपल्याच लवचिकपणानं फुगतं. फुगलं की ताकद वाढली, पुस्तक स्पष्ट झालं. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी १८५५ मध्ये हे मांडलं आणि गाभा आजही तोच आहे.

चाळिशीत बिघडतं ते भिंग. ताज्या मळलेल्या कणकेचा गोळा बोटानं दाबला तर लगेच आकार बदलतो. तोच गोळा फ्रीजमध्ये चार दिवस विसरला, तर अंगठा दुखेल पण गोळा हलणार नाही. वय वाढतं तसं भिंगाचं हेच होतं. दहा वर्षांचं पोर सात-आठ सेंटिमीटरवरची मुंगी न्याहाळू शकतं. चाळिशीत हे अंतर वीस-बावीस सेंटिमीटरवर जातं आणि साठीत हाताची लांबी पुरत नाही. स्नायू म्हातारपणीही बऱ्यापैकी आवळत असतो, फक्त कडक गोळ्यापुढे त्याचं काही चालत नाही. त्यामुळे चाळिशी सगळ्यांना गाठते. ज्याला आधीपासून दोन-तीन मायनस आहे तो चष्मा काढून वाचतो आणि आपल्याला चाळिशी लागलीच नाही म्हणून मिरवतो, तो भाग वेगळा.

हे दोन-तीन परिच्छेद कळले की व्यायामवाल्यांचा मूळ दावा तपासता येतो. तो दावा आला कुठून, याचीही गोष्ट मजेदार आहे. आपल्याला वाटतं हे सगळं ऋषिमुनींचं. त्राटक, म्हणजे एकटक बघायची साधना, जुनं आहे हे खरं. हठप्रदीपिका या योगावरच्या जुन्या ग्रंथात ते षट्कर्मांत, म्हणजे शरीरशुद्धीच्या सहा क्रियांत, येतं आणि त्यानं डोळ्यांचे रोग जातात असंही तिथं म्हटलंय. पण तळहातांनी डोळे झाकणं, मान-नजर झुलवणं, कोवळ्या उन्हाकडे डोळे करणं, 'चष्मा ही कुबडी आहे, फेकून द्या' ही घोषणा, हा संच बराचसा न्यूयॉर्कच्या विल्यम बेट्स नावाच्या डॉक्टरचा. १९२० मध्ये त्यांनी स्वतःच पुस्तक छापून सांगितलं की जवळचं बघायला भिंगाची काही गरज नाही, बाहेरचे स्नायू डोळा दाबून लांब-आखूड करतात आणि नंबर येतो तो त्यांच्यावरच्या ताणामुळे. ताण घालवा, चष्मा घालवा. पुढे या संचाला आपल्याकडे धोतर-उपरणं नेसवलं गेलं.

बेट्स यांचं म्हणणं तुम्हीच खोटं पाडू शकता, किंबहुना चाळिशीच्या आत डोळे तपासून घेतले असतील तर पाडलंही असेल. बाहुली मोठी करायचे थेंब टाकले की घरी जाईपर्यंत मोबाइल वाचता येत नाही, आठवतं ना? ते थेंब फक्त आतले स्नायू ढिले करतात. बाहेरचे सहाही शाबूत असतात, डोळा हवा तसा फिरतो. तरी जवळचं धूसर! म्हणजे काम कोणाचं होतं ते उघड आहे.

आणि हा प्रयोग जगात फार मोठ्या प्रमाणावर होऊन गेला आहे. चीनमध्ये १९६३ पासून शाळांत डोळ्यांचे व्यायाम सुरू झाले. घंटा झाली की पोरं ओळीनं बसून डोळ्यांभोवतीचे बिंदू दाबतात, पिढ्यान्‌पिढ्या. एवढं करूनही मायनस नंबरच्या बाबतीत चीन जगात सर्वांत पुढच्या देशांत आहे. व्यायामामुळे नंबर वाढला असं कुणी म्हणू नये, पण त्यानं थांबला नाही एवढं मात्र दिसतं.

मग फरक का वाटतो?

व्हिजिटिंग कार्डाला टाचणीनं एक भोक पाडा, चष्मा काढा आणि त्या भोकातून लांबची पाटी वाचा. बऱ्यापैकी वाचता येईल. नंबर तेवढाच आहे, भोकानं फक्त इकडेतिकडे पसरणारे किरण अडवले. डोळे बारीक करून बघणारा माणूस पापण्यांनी हेच करतो. आठवडाभर चष्म्याशिवाय राहिलं तर मेंदूही धूसर चित्राला सरावतो आणि अंदाजानं जास्त ओळखू लागतो. घरच्या भिंतीवरचा तक्ता तर रोज वाचून पाठच होतो. दहा मिनिटं डोळे मिटून ठेवले की पाण्याचा थर नीट पसरतो आणि थोडा वेळ खरोखर लख्ख दिसतं. मधुमेह असेल तर साखर वर-खाली झाली की नंबरही हलतो.

मुलांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. तासन्‌तास जवळचं बघून आतला स्नायू आवळलेलाच राहतो आणि तपासणीत खोटा मायनस निघतो. विश्रांतीनं तो उतरतो, आणि श्रेय व्यायामाला जातं. म्हणून लहान मुलांचा पहिला नंबर थेंब टाकूनच काढावा. दुकानात उभ्या-उभ्या मशीनवर काढलेला आकडा घेऊन लगेच फ्रेम निवडायला बसू नये.

आता काका. मी एक दिवस त्यांना बाकावरून समोरच्या फाटकाची पाटी वाचायला सांगितली. जमेना. "ते काहून पाहिजे आता? वाचता तर येऊन राहिलं न!" हळूहळू खोदून विचारलं तेव्हा कळलं, सीताबर्डीच्या मेट्रो स्टेशनवर फलक वाचायला ते नातवाला पुढे करतात, आणि रात्री स्कूटर चालवणं सोडलंय कारण समोरचे हेडलाइट फाटल्यासारखे पसरतात. लांबचं गेलं होतं आणि जवळचं आलं होतं. ही मोतीबिंदूची जुनी ओळखीची चाल आहे. भिंगाचा गाभा घट्ट होऊ लागला की त्याची प्रकाश वाकवण्याची ताकद वाढते, डोळा मायनसकडे झुकतो आणि म्हातारा माणूस अचानक चाळिशीशिवाय पेपर वाचू लागतो. काही महिने, फार तर एखाद-दोन वर्षं. मग जवळचंही जातं. साठीनंतर ज्याची चाळिशी आपोआप सुटली त्यानं पेढे वाटायच्या आधी डोळे तपासावेत. डॉक्टरांनी बॅटरी मारली आणि निदान तेच झालं.

जिथे व्यायाम कामाचा आहे

सगळेच व्यायाम फुकट असं म्हणणं अन्यायाचं होईल. काही मुलांचे दोन्ही डोळे वाचताना आत, नाकाकडे नीट वळत नाहीत. ओळी नाचतात, डोकं दुखतं, अक्षरं दोन-दोन दिसतात, आणि घरचे म्हणतात अभ्यासाचा कंटाळा आहे. अशा ९ ते १७ वयाच्या २२१ मुलांवर अमेरिकेत एक नीट आखलेली चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २००८ मध्ये आले. तज्ज्ञासमोर बसून बारा आठवडे केलेल्या व्यायामानं ७३ टक्के मुलं बरी झाली किंवा सुधारली. घरी नुसती पेन्सिल नाकाजवळ आणायचा व्यायाम केलेल्यांत ४३ टक्के, आणि व्यायामासारखं दिसणारं पण लुटुपुटूचं काही केलेल्यांत ३५. तेव्हा इथं व्यायाम हेच औषध आहे. मात्र तो डोळे वळवायचा बिघाड आहे, चष्म्याचा नंबर त्यानं हलत नाही.

थकव्याचं म्हणाल तर त्यावरही उपाय साधा आहे. एरवी आपण मिनिटाला पंधराएक वेळा पापणी मिटतो. स्क्रीनसमोर हा आकडा निम्म्याहून खाली येतो आणि डोळ्यावरचं पाणी उडतं. त्यात आपलं नागपूर. नवतपा, म्हणजे मेअखेरचे नऊ कडक तापाचे दिवस, बाहेर पंचेचाळीस, आणि घरात कूलरचा झोत थेट तोंडावर घेऊन माणूस मोबाइल बघत पडलेला. डोळे चुरचुरले नाहीत तरच नवल. कूलर पायाकडे वळवा, मुद्दाम पापण्या मिटा, दर वीस मिनिटांनी वीस सेकंद वीस फुटांपलीकडे बघा. आतला स्नायू सैल होतो, आराम पडतो. बाकावरच्या दहा मिनिटांनी आमच्या मंडळींना बरं वाटतं ते याचमुळे, आणि त्याला माझी काही हरकत नाही.

हरकत आहे ती डोळ्यांत मध, कांद्याचा रस आणि गुलाबजल घालण्याला. कॉर्नियाला जंतू लागले तर पांढरा डाग जन्मभर राहतो. आणि सूर्याकडे टक लावण्याला तर सक्त हरकत. रेटिनाला दुखणं कळत नाही, ती मुकाट्यानं भाजते आणि बरोबर मधोमध डाग पाडून घेते. गाजर खा, संत्री खा, पोटभर खा. अ जीवनसत्त्व कमी पडलं तर रातांधळेपणा येतो हे खरं, पण लांबलेला डोळा गाजरानं आखूड होत नाही.

आणि ती पोरगी

चष्मा लावला की नंबर वाढतो ही समजूत आमच्या बाकावर सर्वांत पक्की होती. मलेशियात ९४ मुलांवर हे तपासलं, निष्कर्ष २००२ मध्ये आले. निम्म्यांना पूर्ण नंबरचा चष्मा, निम्म्यांना मुद्दाम थोडा कमी. दोन वर्षांनी नंबर जास्त वाढला तो कमी नंबरचा चष्मा लावणाऱ्यांचा. चष्मा लावल्यावरही नंबर वाढतो, कारण ते वयच उंची वाढायचं असतं आणि डोळाही वाढतच असतो. त्याचं खापर बिचाऱ्या काचेवर फुटतं. एका डोळ्याला जास्त नंबर असेल आणि चष्मा टाळला तर मेंदू त्या डोळ्याकडे दुर्लक्ष करायला शिकतो. हा आळशी डोळा वयाच्या सात-आठ वर्षांच्या आत सुधारणं सोपं, पुढे अवघड होत जातं. मी हे सगळं तिच्या आजोबांना सांगितलं. चष्मा कपाटातून बाहेर आला, त्यांच्या सुनेनं माझ्याशी बोलणं थोडं कमी केलं.

पण गंमत अशी की आजोबा नकळत एक बरोबर गोष्ट करत होते. ते तिला रोज सकाळी तासभर बागेत आणत होते.

चीनमधल्याच ग्वांगझूमध्ये पहिलीतल्या काही मुलांना शाळेच्या वेळात रोज ४० मिनिटं जास्तीची मैदानात घालवायला लावली, बाकीच्यांना नाही. तीन वर्षांत नव्यानं मायनस लागणाऱ्यांचं प्रमाण बाकीच्यांत ३९.५ टक्के, तर मैदानात गेलेल्यांत ३०.४ टक्के निघालं. हे २०१५ साली छापून आलं. तैवाननं २०१० पासून शाळांत रोज दोन तास उघड्यावर असा कार्यक्रमच लावला. आतली यंत्रणा अशी असावी असं मानतात की भरपूर उजेडात रेटिना डोपामिन नावाचं रसायन सोडते आणि ते डोळ्याच्या लांबण्याला आवर घालतं. उजेड लक्समध्ये मोजतात; वर्गात तो तीनशे-पाचशे लक्स असतो. झाडाच्या सावलीतही काही हजार लक्स सहज मिळतात, म्हणून सूर्याकडे बघायची, डोक्यावर ऊन घ्यायची गरजच नाही. नागपूरच्या मे महिन्यात सकाळी नऊच्या आत आणि संध्याकाळी साडेपाचनंतर. बाकी वर्षभर आपल्याला मैदानांची आणि तलावांची काय कमी आहे? संक्रांतीला जुन्या शुक्रवारीतल्या गच्च्यांवरून दिवसभर "ओ काट" ओरडणारी पोट्टी आभाळाकडे बघत असतात, तो दिवस डोळ्यांसाठी सोन्याचा. नायलॉन मांजा तेवढा नको, त्यानं गळे आणि डोळे दोन्ही कापले आहेत.

याचा सर्वांत जास्त फायदा नंबर लागायच्या आधी होतो, हे आजोबांना सांगताना मला जरा वाईट वाटलं. लागलेला नंबर उन्हानं जात नाही, आणि त्याची वाढ रोखण्यात मैदानाचा हात थोडा तोकडाच पडतो. त्यासाठी डॉक्टर हल्ली ॲट्रोपिनचे अगदी सौम्य थेंब किंवा खास घडणीच्या काचा देतात. पण तिचा धाकटा भाऊ बालवाडीत आहे. तो आता ताईबरोबर येतो आणि बागेतल्या बदकांमागे धावतो.

काकांचं ऑपरेशन उन्हाळ्याच्या आधी झालं. दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली तेव्हा पंख्याच्या पात्यांवरची धूळ दिसली म्हणून त्यांनी घरच्यांना झापलं. फाटकाची पाटी आता ते न विचारता वाचून दाखवतात. मात्र आत बसवलेलं भिंग प्लास्टिकचं, लांबच्या नजरेसाठी बेतलेलं. ते फुगत नाही. पेपर वाचायला प्लस अडीचचा चष्मा परत आला. बाहेरचे सहा स्नायू जसेच्या तसे आहेत, रोज व्यायामही घेतात, पण जवळचं काही जमत नाही. बेट्स साहेबांना दाखवायला यापेक्षा चांगला डोळा मला सापडला नसता.

काकांचा निष्कर्ष वेगळा आहे. "व्यायामानं गेलेला चष्मा या ऑपरेशननं परत आणला, बाप्पा!" असं ते नव्या येणाऱ्याला सांगतात. मग चष्मा काढून खिशात ठेवतात, सगळ्यांकडून बुबुळं गोल फिरवून घेतात, आणि संपलं की खिशातून काढून पेपर उघडतात.